डाव्या मोज्यातली गोळी

वर्ग सुरू व्हायच्या आधी आक्का खाली वाकायच्या, डाव्या मोज्यावरून हात फिरवायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "डाव्या मोज्यात. ध्यानात ठेवा बरं का ताई."

मी मान डोलवायचे.

मोज्यात गोळी असायची, छातीत कळ आली की जिभेखाली धरायची ती. आक्कांना वर्षभरापूर्वी अटॅक येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी आत स्प्रिंग टाकली होती. साडी नेसणारी बाई असली गोळी पदराच्या गाठीत बांधते. पण आमच्या वर्गात पदर चालत नव्हता, ओढणीसुद्धा नाही, आणि आक्कांच्या नव्या ट्रॅकपँटला शिवणाऱ्याने खिसाच ठेवला नव्हता.

"पदर नाही तर गोळी कुठे बांधू?" त्यांनी पहिल्याच दिवशी मॅडमना विचारलं.

"लॉकरमध्ये ठेवा ना काकू."

"आणि कळ आली की किल्ली शोधू?"

शेवटी मोजा ठरला. आणि शेजारच्या सायकलवर मी होते, म्हणून त्या गोळीची राखण माझ्याकडे आली.

तुम्ही म्हणाल, कसला वर्ग? सायकलचा. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. गंगापूर रोडला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर जिम निघाली होती आणि तिथे सकाळी बायकांसाठी सायकलचा वर्ग लागला. या सायकली कुठे जात नाहीत. कीर्तनाला बसल्यासारख्या सगळ्या एका दिशेला तोंड करून जमिनीवर उभ्या असतात. समोर मॅडम त्यांच्या सायकलवर, भिंतीवर मोठा आरसा, दिवे मंद आणि गाणी अशी की दातांची कवळी हलावी.

मी तेव्हा पन्नाशीची तरुणी होते. गुडघे बोलायला लागले होते, पण अक्कल अजून आली नव्हती. सायकल म्हटल्यावर मी तयारीने गेले. मुलीचा ट्रॅकसूट, यजमानांचा गॉगल आणि मेन रोडवरून मुद्दाम आणलेलं हेल्मेट. बंद खोलीत, जागच्या जागी उभ्या सायकलवर हेल्मेट घालून बसलेली नाशिकमधली बहुधा पहिली आणि शेवटची बाई मीच.

मॅडम म्हणाल्या, "काकू, इथे ट्रक येत नाहीत."

सगळा वर्ग हसला. आक्का मात्र हसल्या नाहीत. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "राहू द्या डोक्यावर. भीती सांगून येते थोडीच?"

त्या क्षणी मला वाटलं, ही बाई आपली.

मॅडमनी काय घालायचं ते समजावून सांगितलं. पायघोळ सलवार नको, पायडलमध्ये अडकते. चपला नकोत, कडक तळाचे बूट हवेत. टॉवेल आणि पाणी हवंच. पोटाला तड लागेल असं खाऊन यायचं नाही, उपाशीही यायचं नाही. सीट कमरेच्या हाडाएवढी उंच ठेवायची. पहिले काही दिवस बूड दुखेल, मग त्याची सवय होईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढचं चाक जड लोखंडी आहे, तुम्ही पाय थांबवलेत म्हणून ते थांबणार नाही. हँडलखालचा नॉब फिरवला की चाक जड होतं, चढ लागल्यासारखं. तोच नॉब खाली दाबला की थांबतं. तोवर पाय काढायचा नाही.

एवढं सगळं ऐकून आक्कांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे एकदा सुरू केलं की ते आपल्याला ओढतं?"

"हो काकू."

"अरे देवा," आक्का म्हणाल्या आणि सीटवर चढल्या.

मॅडमना आक्कांच्या स्प्रिंगची कल्पना होती आणि डॉक्टरांची परवानगीही होती, पण हळूहळू चालवायचं असं बजावून. म्हणून मॅडमनी त्यांना दाराजवळची, पंख्याखालची सायकल दिली. "चाक जड करायचं नाही," असं रोज सांगायच्या. आक्का रोज "नाही हो" म्हणायच्या. आणि दिवे मंद झाले की त्यांचा हात हळूच नॉबकडे जायचा. मला दिसायचं. चाक जड करताना त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत असायचे.

आक्कांचं माहेर नामपूरचं. यजमान ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं आमच्यासारखंच, पण घाबरल्या की माहेरची बागलाणी बोली बाहेर यायची. आणि घाबरायच्या त्या सारख्याच. लिफ्टला घाबरायच्या, जिन्याला घाबरायच्या, रात्री डाव्या कुशीवर वळायला घाबरायच्या. घरात एकटं राहायला तर फारच. सून बाजारात गेली की या दार उघडं टाकून उंबऱ्यात बसायच्या, म्हणजे पडल्याच तर शेजाऱ्यांना दिसावं.

मी त्यांना धीर द्यायचे. तेव्हा मला वाटायचं, मी फार धीराची. तो धीर एका मंगळवारी कळला.

वर्ग ऐन भरात होता. मॅडम ओरडत होत्या, "सीटवरून उठा, उठा, चढ आलाय!" मी उठले, डावीकडे पाहिलं, तर आक्कांचं चाक थांबलेलं. डोळे मिटलेले. हात हँडलवर, डोकं पुढे झुकलेलं.

झालं, गेल्या, असं माझं मन म्हणालं. मी नॉब न दाबताच सायकलवरून उडी मारली. ते लोखंडी चाक मला ओळखत नव्हतं. पायडल गर्रकन फिरून आलं आणि नडगीवर असं बसलं की मी थेट आक्कांच्या पायाशी. बरंच झालं म्हणा, मला तिथेच जायचं होतं. त्यांचा मोजा धरला, बूट ओढला, गोळी शोधायला लागले. घाईत आधी मी उजवाच मोजा काढला.

वरून आवाज आला, "अहो ताई, गुदगुल्या होतात."

मॅडमनी गाणं बंद केलं, दिवे लावले. सगळ्या बायका गोल करून उभ्या. मी जमिनीवर, मांडीवर आक्कांचा बूट, नडगीतून रक्त. आणि आक्का शांतपणे मला विचारतात, "तुम्हाला काय झालं?"

"मला? तुम्ही थांबलात का? डोळे का मिटले?"

"मी वर पोचले होते."

ऐकून माझ्या अंगावर काटा आला. वर म्हणजे कुठे?

नंतर खाली येऊन आम्ही रसवंतीत बसलो तेव्हा त्यांनी सांगितलं. सप्तशृंगी गड. आक्कांची कुलदेवी. अटॅकच्या दिवशी गाडीतून दवाखान्यात नेताना त्यांनी नवस बोलला होता, आई, यातून उठव, तुझ्या पायऱ्या माझ्या पायाने चढून येईन. डोलीत बसणार नाही, कुणाचा हात धरणार नाही. म्हणून हा वर्ग. दिवे मंद झाले की त्या नॉब फिरवायच्या आणि मनातल्या मनात गड चढायच्या. त्या मंगळवारी पहिल्यांदाच शेवटच्या पायरीवर पोचल्या, म्हणून थांबल्या.

"मग झालं की!" मी नडगी चोळत म्हटलं. "पाय तयार झाले. चला, जाऊन येऊ."

आक्कांनी रसाचा पेला तोंडाला लावला.

मग सुरू झाली कारणं. चैत्रात ऊन फार. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या. नवरात्रात गर्दी. थंडीत खोकला. वर्ष गेलं. पाय असे तयार झाले होते की मॅडम इतरांना आक्का दाखवायच्या. तरी गडाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

एकदा मी चिडले. "आक्का, देवीला फसवताय का तुम्ही?"

त्यांनी माझा हात धरला. हात बर्फासारखा गार. "ताई, नवस बाकी आहे तोवर ती मला नेणार नाही. काम अर्धं राहिलेल्या माणसाला कोण नेतं? पण एकदा फेडला की ती मोकळी झाली ना मला न्यायला."

मी शिकलेली बाई. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज त्या दिवशी मला काही बरा वाटला नाही. "काहीतरीच काय," एवढं म्हटलं आणि विषय बदलला.

आक्का जात नव्हत्या, पण मुलगा थोडाच थांबणार होता? त्याला वाटलं, आईला चढवत नाही म्हणून ती टाळते. त्याने परस्पर जीप ठरवली, सुट्टी काढली आणि सांगितलं, "आई, रविवारी जायचं. तुला डोली करतो." शनिवारी सकाळी आक्का वर्गाला आल्या त्या बूट न घालताच, चपलांवर. दारातच उभ्या राहिल्या.

"डोलीत बसले तर नवस मोडला. चढले तर फिटला. काय करू वं माय?"

मी म्हटलं, "मी येते बरोबर." हे म्हणताना माझा आवाज चांगला खणखणीत होता. रविवारी नांदुरीचा घाट चढताना मात्र मी जीपच्या दांडीला असं धरलं होतं की पुढे आठवडाभर तळवा दुखला.

पायऱ्यांच्या तळाशी मुलगा डोलीवाल्यांशी बोलायला गेला. आक्कांनी पदर खोचला, साडीखाली आमच्या वर्गाचे पांढरे बूट, आणि चढायला लागल्या. माणसं वळून वळून बघत होती. मॅडम शिकवायच्या तसा नाकाने श्वास, तोंडाने सोडायचा. मी मागे. सून मुलांना घेऊन माझ्या मागे. मुलगा सगळ्यात शेवटी, त्याच्या पाठीशी रिकामी डोली.

अर्ध्याहून जास्त झाल्यावर आक्का एकदम खाली बसल्या. तोंड पांढरंफटक. कपाळावर घाम. मुलगा ओरडला, "डोली आणा!"

"नको," आक्का म्हणाल्या. "दुखत नाही मला कुठे."

"मग?" मी त्यांच्या शेजारी बसले.

त्या एवढ्याशा आवाजात म्हणाल्या, "चढायची भीती नाही ताई. पोचायची आहे." आणि वर बघून, "देवी शे ना माय, ती सगळं देखस."

आता इथे एखादी समंजस बाई असती तर तिने त्यांना जवळ घेतलं असतं. मी कशी होते ते तुम्हाला कळलंच आहे. माझे गुडघे ठणकत होते, ऊन डोक्यावर आलं होतं आणि वर जाऊन खाली यायचं अजून बाकी होतं. मी वैतागून म्हटलं, "मग वर जा आणि लगेच नवा बोला! म्हणजे परत काम बाकी."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता रागावतात. मग त्या उठल्या, साडी झटकली आणि चढायला लागल्या. मी आणि डोलीवाले मागे पडलो.

वर देवीसमोर त्यांनी खण-नारळाने ओटी भरली आणि हात जोडून उभ्या राहिल्या. मागून माणसं ढकलत होती, पुजारी "चला, पुढे चला" म्हणत होते, पण त्या हलेनात. ओठ हलत होते. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर रंग आला होता.

"बोललात?"

"बोलले."

"काय?"

"सांगायचं नसतं," आक्का म्हणाल्या आणि पायऱ्या उतरताना मला हात दिला.

त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या. वर्ग बंद पडला, मॅडम लग्न होऊन परगावी गेल्या, मॅडमच्या मुलांचे फोटो यायला लागले, तरी आक्का होत्याच. दार लावून घरात एकट्या बसायला लागल्या होत्या. शेवटी हृदयाने काही दगा दिला नाही. एका पावसाळ्यात ताप आला, तो उतरला नाही. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढे काही महिन्यांनी आक्कांच्या सुनेचा फोन आला. आवाज दबलेला. "काकू, आईंचा एखादा नवस राहिला होता का हो? घरात सारखं कुणीतरी आजारी पडतंय. माझी माहेरची आई म्हणते, राहिलेला नवस घराला लागतो. तुम्हाला ठाऊक असेल, तुम्हीच त्यांच्या जवळच्या."

हो म्हटलं असतं तर ती विचारणार होती, कोणता? आणि ते मला ठाऊक नव्हतं. त्या पोरीने जन्मभर अंधारात चाचपडत फेडलं असतं. मी म्हटलं, "नाही गं. त्यांनी सगळं फेडलं. मुलांना डॉक्टरकडे ने."

फोन ठेवला आणि मग मला झोप येईना. शिकलेली बाई मी, उठून देवघरात जाऊन बसले.

चैत्र लागल्यावर मी गडावर गेले. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते, म्हणून डोली केली. सांगून ठेवते, डोलीत बसणं त्या सायकलपेक्षा वाईट. दोन माणसांच्या खांद्यांमध्ये तुम्ही लोंबकळत असता, खाली पायऱ्यांचा कडा, आणि पुढच्याचा पाय घसरला तर तुमचं काय होणार ते देवीलाच माहीत. मी दोन्ही हातांनी बांबू धरून देवीला वरच्या वर सांगत होते, आई, आक्कांचं जे काही राहिलं असेल ते त्या पोरीच्या घरावर नको. माझ्या नावावर घे.

बहुतेक मी मोठ्याने बोलत होते. कारण पुढचा डोलीवाला मान वळवून म्हणाला, "आज्जी, नवस फेडायला निघाल्या जणू?"

"हो रे बाबा."

"कसला हाय?"

"ते मला ठाऊक नाही."

दोघं थांबले. एकमेकांकडे बघून हसले. मागचा म्हणाला, "ठाऊक नाय तर फेडणार कसा?"

मी खाली पाहिलं, डोळे मिटले आणि बांबू अजून घट्ट धरला.

"हळू चला रे," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."