विहिरीवरचा सा

नणंदेनं विषय काढला तेव्हा मी सांबाराच्या जुड्या बांधत होते. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे. ती म्हणाली, "वहिनी, माह्या फिल्मले म्युझिक कोन देईन?"

"मीच देते, अन् कोन देईन!" हातातली जुडी बांधून व्हायच्या आत मी बोलून मोकळी.

एवढी खात्री कुठून आली म्हणाल, तर माहेरी बाबांच्या गायन पार्टीत मी पेटीवर बसायचे. जयंतीला गावोगावचे स्टेज मी गाजवले आहेत. आता तिथं चाली दुसऱ्यांच्या असायच्या, स्वतःची एक ओळही मी कधी बांधली नव्हती, ही गोष्ट खरी. पण पेटी येते म्हणजे चालही येणार, असं मला वाटलं. आणि मला जे वाटतं ते मी पोटात ठेवत नाही.

फिल्म छोटीशीच होती, मोबाइलवर काढलेली. नणंद वाशीमला कॉलेजात शिकत होती. अनसिंगच्या शिवारात आमचा भाजीपाल्याचा मळा, आणि त्यातली विहीर रुंद होणाऱ्या रस्त्यात जाणार होती. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती तरुणपणी स्वतः खोदलेली. रस्तावाल्यांनी खुणेचे दगड रोवले त्या दिवसापासून त्यांनी 'विहीर' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. आम्ही विषय काढला की चप्पल पायात घालून चालू लागायचे. टीव्हीवर कुणी रडायला लागलं तरी त्यांचं तेच.

नणंद म्हणाली, "मले बक्षीस-बिक्षीस नको, वहिनी. बाबांनी एकडाव शेवटपर्यंत बसून पाह्यली पाह्यजे. ते मधातून उठून गेले तं माही फिल्म फुकट."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी हसून म्हटलं, "बसतीन. मी बसवते त्याईले."

मोबाइलवर एक अ‍ॅप उतरवून घेतलं. त्यात व्हायोलिनं होती, बासरी होती, सगळं काही होतं. मी दोन्ही हातांनी लुटलं. विहीर जाणार म्हणून अशी काळीज पिळवटणारी चाल केली की माझे मलाच डोळे पुसावे लागले. अंगणात मोठ्यानं लावली. मामाजी बाजेवर होते. उठून बसले आणि म्हणाले, "काहून वं, कोन मेलं?"

नणंद फिदीफिदी हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रात्री भाकरी थापताना वाटलं, म्हातारा खरं बोलला. विहीर कुठं मेली होती? त्या दिवशीही तिनं मेथीचे सगळे वाफे भिजवले होते. सकाळी उठून ती चाल पुसून टाकली.

मग पेटी घेऊन मळ्यातल्या खोलीत, विहिरीला लागूनच बसले. त्या आठवड्यात लाइन, म्हणजे वीज, दिवसाची होती, मोटर सुरू असायची. पाणी दांडातून येतं, वळतं, वाफ्यात शिरतं, तशी उड्या मारणारी चाल सुचली. वांगी तोडताना तीच, पोळ्या लाटताना तीच. नणंदही गुणगुणायला लागली. मी म्हटलं, चला, मैदान मारलं!

वाशीमला एका दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली आहे. गावभर फिरणाऱ्या ऑटोंवर वाजणाऱ्या जाहिराती तिथं भरतात. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडक्या बंद, पंखासुद्धा बंद. मी ऐटीत वाजवलं. मग ऐकायला हेडफोन कानाला लावले आणि बापा, माझं तोंडच उतरलं. चाल माझी, हात माझे, आणि आवाज असा की मीठच घालायचं राहून गेलं.

खोलीचा मालक, पन्नाशीचा माणूस, म्हणाला, "ताई, काहीतरी कमी पडून राह्यलं."

"तुमच्या माइकातच कमी असेल!" मी फटकारलं.

तो हसला. निवडणुकीला उभे राहणारे सगळे हेच म्हणतात, म्हणाला. मी पुन्हा वाजवलं, तरी तेच. पेटी उचलली आणि घुश्शात परत आले.

मळ्यात आले तर लाइन गेलेली. तशीच खोलीत बसून वाजवू लागले. इथंसुद्धा तेच फिक्कं! आता मात्र मी घाबरले. नणंदेला छातीठोक सांगून बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी तर मोटर काढायला माणसं येणार होती. रागानं भाता ओढत तीच ओळ बडवत राहिले. तेवढ्यात लाइन आली. स्टार्टर ऑटोवर होता, लाइन आली की मोटर आपोआप सुरू. स्टार्टर खट् वाजला, विहिरीत मोटर घुमायला लागली, आणि माझी चाल एकदम उठून उभी राहिली.

मी थांबले. एकेक पट्टी दाबून पाहिली. पांढरी पाच! मोटर तोच सूर धरून होती, केसभर चढा. मी नकळत तोच सा मानून चाल बांधली होती, आणि म्हणून माझ्या अख्ख्या चालीत सा कुठं ठेवलेलाच नव्हता. ठेवणार कशाला? मोटर देतच होती की! आम्हा मळ्यातल्या लोकांना मोटर चालू असली की सगळं शांत वाटतं; बंद पडली की कान टवकारतात. लोक तानपुऱ्याकडून सूर घेतात, मी पाच हॉर्सपॉवरकडून घेतला होता.

वाऱ्याचा आवाज भरू नये म्हणून मोबाइलला ओढणी गुंडाळून विहिरीकडे पळाले. काठावर वाकून उभी, तर मागून आवाज आला. "काय करून राह्यली वं?"

"मोटरीचा सूर घेऊन राह्यली, मामाजी."

वाटलं, आता चप्पल घालून चालू लागतील. ते मात्र सरळ स्टार्टरपाशी गेले, मोटर बंद केली. पाइपातलं पाणी थांबेपर्यंत थांबले. मग माझ्याकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं आणि पुन्हा बटन दाबलं. आधी खट्, मग घुमणं, पाइपाचं खोकणं, मग पाणी. मी मान हलवेपर्यंत ते तिथंच उभे होते. शेवटी त्यांनीच बंद केली.

माडीवरच्या माणसानं तो आवाज पेटीखाली घातला, केसभर उतरवून पेटीशी जुळवला, आणि म्हणाला, "आता कसं!" मी म्हटलं, "माइक सुधारला वाटते तुमचा."

विहीर बुजली. नणंदेनं टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. मामाजी दाराजवळ बसले, चपला पायातच. माझं लक्ष टीव्हीपेक्षा त्या चपलांकडेच होतं, खोटं कशाला बोलू. पडद्यावर वाफे आले, आणि खट् वाजून मोटर घुमली. मामाजींनी चपला काढल्या आणि मांडी घातली. नणंदेनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

शेवटी चाल थांबते, एकटी मोटर घुमत राहते आणि खट् होऊन बंद पडते. पडदा काळा झाला. नणंद टीव्ही बंद करायला उठली.

मामाजींनी हात वर केला. पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "बस वं. येते आता लाइन."

नणंद खाली बसली. मीही बसून राहिले.