तांदळातलं नाव

“मी ओसरी गं बाई. घर पुढं आहे.”

सुदामा नगरातल्या शशिकलाबाई हे वाक्य कुत्र्यांना सांगत. गाडीखाली येऊन वाचलेलं, खरजेनं उघडं पडलेलं, कुणी गोणीत घालून सोडून दिलेलं असं जे कुत्रं त्यांच्या दारी येई, त्याला पहिल्या दिवशी पोत्यावर बसवायचं, समोर दूध-पोळीची थाळी सरकवायची आणि त्याच्या कानाशी वाकून हे सांगायचं. कुत्रा असला तरी ‘गं बाई’च. ओसरीवर वाटसरू टेकतो, पाणी पितो, पायाची धूळ झटकतो आणि पुढं जातो. ओसरीला कुणी मुक्काम म्हणत नाही, आणि ओसरीनंही कुणाचा पदर धरू नये, असं त्यांचं म्हणणं.

हे शहाणपण त्यांना कुत्र्यांनी शिकवलेलं नव्हतं. ते फार आधीचं. आजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून, वडील शाळामास्तर, आणि त्या स्वतःही प्राथमिक शाळेत जन्मभर मुलांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेत राहिल्या. वहिनी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली तेव्हा भावाची तीन मुलं त्यांच्या कडेवर आली. लग्नाचं बोलणं दोनदा निघालं आणि दोनदा घरातल्या कुणाच्या तरी आजारपणात विरून गेलं. मुलं मोठी झाली, पंख फुटले तशी उडाली. आता परदेशातून भाची मधुरिमा रविवारी फोन करी. “हां आत्या, सब ठीक ना? गुडघा कसा आहे?” एवढं झालं की तिकडं कुणीतरी तिला हाक मारी आणि फोन ठेवला जाई.

भाचरांची आत्या म्हणून शाळेची आत्या, शाळेची म्हणून गल्लीची. पण आत्या हे काही नाव नव्हे. घरातलं त्यांचं नाव होतं ठकू. आई म्हणे, वडील म्हणत, भाऊ तर म्हातारा झाला तरी चहासाठी जिन्याखालून “ठकू, ए ठकू!” म्हणून ओरडे. भाऊ गेला त्या दिवशी ते नाव घेणारं शेवटचं तोंड मिटलं. पुढं कितीतरी वर्षं त्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही.

कुत्र्यांचं सुरू झालं ते शेजारच्या प्रतापरावांमुळं. प्रतापराव एकटे, त्यांचा कुत्रा एकटा. प्रतापराव गेले, मुलगा आला, घर विकून गेला. कुत्रा कुलूप लावलेल्या फाटकापाशी बसून राहिला. नवी माणसं आली, फाटकाला नवा रंग लागला, तरी तो त्या फाटकाकडं तोंड करून बसलेला. शशिकलाबाईंनी त्याला आपल्याकडं आणलं, दूध दिलं, पण त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. तो गेला तेव्हा त्यांनी मनाशी एक गाठ मारली. आपण उतारवयाला लागलो. आपण कुत्रं पाळायचं नाही. आपल्यामागं कुणाला असं फाटकापाशी बसवायचं नाही. सांभाळायचं, बरं करायचं आणि भरल्या घरात देऊन टाकायचं.

म्हणून नाव ठेवायचं नाही, हा पहिला नियम. नाव दिलं की जीव अडकतो; माणसाचाही आणि जनावराचाही. आपल्याकडं नवी नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो ना, तसं त्या करत. कुत्रं द्यायला जाताना पदराखाली स्टीलचं ताट आणि पुडीत तांदूळ असत. नव्या घरातल्या कर्त्या माणसानं तांदळात बोटानं नाव लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि मग त्याच तांदळाचा दूधभात करून कुत्र्याला घालायचा. माणसं आधी हसत, मग लिहिताना गंभीर होत. शशिकलाबाई स्वतः त्या घराच्या ओसरीपर्यंतच जात. आत जात नसत, पाणी घेत नसत. मुलीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही माळव्यातली जुनी रीत. एकदा दिलं त्या घरी पुन्हा पाऊल नाही, हा दुसरा नियम.

ताट घेऊन निघाल्या की कोपऱ्यावरचा पोहेवाला ओरडे, “क्या आत्या, आज किसकी बिदाई?”

“तुझी नाही रे. तुला कोण नेतंय?”

जखमी कुत्री आणून देणारी पलक. ऑफिसातून सुटली की स्कूटरवरून गल्ल्या पालथ्या घालणारी मुलगी, मराठी घरातली, पण मराठी तिच्या तोंडात शिळ्या भाकरीसारखी तुटत तुटत येई. थंडीच्या तोंडावर ती एक तांबूस कुत्री घेऊन आली. मागच्या पायाला प्लास्टर.

“आत्या, लास्ट हां. बस, पंधरा दिन.”

“तुझं बस मला ठाऊक आहे. मागचं ‘बस’ माझ्या चपला खाऊन गेलं.”

“ही खात नाही आत्या, देखो ना, किती सीधी आहे.”

कुत्री खरंच सरळ होती. पण प्लास्टर निघालं तरी पाय लंगडा राहिला, आणि लंगडी कुत्री कुणाला नको होती. लोक मोबाइलवर फोटो बघत, “कित्ती गोड!” म्हणत आणि पाय कळला की गप्प होत. थंडी वाढली, उतरायला लागली, तरी पाहुणी ओसरीवरच. एवढे दिवस त्यांच्याकडं कुणी राहिलं नव्हतं.

त्या थंडीत शशिकलाबाईंना ताप भरला. अंगावर दोन गोधड्या, दुपारची वेळ, घरात घड्याळाच्या टकटकीखेरीज आवाज नाही. कुत्री लंगडत आत आली, खाटेच्या कडेवर हनुवटी टेकवून उभी राहिली आणि त्यांच्याकडं बघत राहिली. तापलेल्या डोक्यानं बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तोंडून निघून गेलं, “झोप आता ठकू. उतरेल ताप.” आई असंच म्हणे.

ताप उतरला. शब्द काही उतरला नाही. दार लावून घेतलं की त्या म्हणत, ठकू, पोळी खा. ठकू, पाय दाखव. ठकू, ऊन आलं बघ. आधी हळू, मग मोकळ्या गळ्यानं. कुत्री प्रत्येक हाकेला कान उभारी, शेपटी हलवी, लंगडत येई. इतक्या वर्षांनी त्या नावाला कुणीतरी ओ देत होतं. पलकसमोर मात्र त्या तिला ‘पाहुणी’च म्हणत. चोरी ती चोरी.

होळीच्या आधी पलकचा फोन आला. शहराबाहेरच्या हातोदचं घर मिळालं होतं. शालिनी नावाची बँकेत नोकरी करणारी बाई, नवरा बाहेरगावी, आणि दिवसभर घरात एकटी सासू, शोभनाबाई. सासरे गेल्यापासून त्या बोलायच्याच थांबल्या होत्या. सोबतीला कुत्रं हवं होतं. लंगडं चालेल, असं शालिनीनं कळवलं होतं.

ताट, तांदूळ, सगळं रीतीप्रमाणं झालं. शोभनाबाईंनी बोटानं ‘राणी’ लिहिलं. शशिकलाबाई फाटकाबाहेर पडल्या, रिक्षात बसल्या आणि घरी येऊन दार लावून घेतलं. पोळी करताना हात सवयीनं दुसरी लाटी घेऊ लागला, ती त्यांनी परत कणकेत मिसळली.

आठवडा होतो न होतो तोच पलक दारात उभी.

“आत्या, प्रॉब्लेम झाला. शालिनीजींचा फोन आला होता. राणी घरात येतच नाही. ओसरीवर बसते, फाटकाकडे मुंडी करून. खात पण नाही. ते बोलतायत, रविवारपर्यंत पाहतो, नाही तो परत घेऊन जा.”

ऐकलं आणि शशिकलाबाईंच्या काळजात आनंदाचा एक ठिपका चमकला. परत येईल. माझी माझ्याकडं येईल. आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांसमोर आलं प्रतापरावांचं फाटक. नवा रंग लागलेलं. त्या खाली बसल्या.

“आत्या, एक बोलू? तुम्हीच रख लो ना तिला.”

“मी किती वर्षांची?”

“असं काय बोलता...”

“ती दोन वर्षांची आहे. हिशेब तुला येतो.” मग त्या म्हणाल्या, “रविवारी स्कूटर घेऊन ये.”

“पण तुम्ही तो दिलेल्या घरी जात नाही.”

“जात नाही. म्हणूनच ये म्हणतेय.”

हातोदच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडला होता. कुठं कापणी लागली होती, कुठं वारा ओंब्यांतून सरसरत होता. शशिकलाबाई एका हातानं पलकचा खांदा आणि एका हातानं पदराखालचं ताट धरून बसल्या होत्या.

ओसरीवरची कुत्री स्कूटर थांबायच्या आधीच उठली. आली ती लंगडत नव्हे, कोसळत आली. पदर ओढला, हात चाटले, रडल्यासारखा आवाज काढला. शोभनाबाई दारात उभ्या राहून ते बघत होत्या, हातात तसाच राहिलेला दूधभाताचा वाडगा.

शालिनी म्हणाली, “घ्या. आमच्याकडे हिनं शेपटी पण हलवली नाही ताई. आईंनी तीन प्रकारचे भात करून पाहिले. मला वाटतं, तुम्हीच न्या. आम्हाला वाईट नाही वाटणार.”

“मला वाटेल,” शोभनाबाई म्हणाल्या. सून चमकून त्यांच्याकडं बघू लागली. शोभनाबाई हळूहळू ओसरीवर येऊन टेकल्या. “राणी राणी करून माझा घसा सुकला. कान हलवत नाही. ताई, हिचं आधीचं काही नाव होतं का हो?”

“नाही,” शशिकलाबाई पटकन म्हणाल्या. “आमच्याकडं नाव ठेवत नाहीत.”

शोभनाबाईंनी मान हलवली. कुत्रीच्या पाठीकडं हात नेला, पण लावला नाही. मग कुणालाही उद्देशून नाही, असंच म्हणाल्या, “इतके दिवस बिननावाची कशी राहिली असेल गं पोर? कुणी हाक मारत नसलं की फार जड जातं. हे गेल्यापासून मला तरी कोण शोभा म्हणतंय? सगळ्यांची आई झाले.”

शशिकलाबाईंचा हात कुत्रीच्या मानेवर होता तिथंच राहिला. गव्हाच्या रानातून कुणाची तरी हाक ऐकू आली आणि विरली. त्यांनी पदराखालचं ताट काढलं. पुडी सोडली. तांदूळ पसरला, तळव्यानं सारखा केला. जन्मभर मुलांना अक्षरं गिरवायला शिकवलेलं बोट तांदळावर थोडा वेळ अधांतरी राहिलं. मग त्यांनी दोनच अक्षरं लिहिली आणि ताट शोभनाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

“तुम्ही आत जा आणि आतून वाचा. मोठ्यानं.”

शोभनाबाई उठल्या. ताट आणि वाडगा घेऊन आत गेल्या. आतून त्यांचा पुटपुटता आवाज आला, चष्म्याशिवाय अक्षरं लावल्यासारखा. मग स्वच्छ, “ठकू?”

कुत्रीचे कान उभे राहिले.

“ठकू, ए ठकू! ये, भात खा.”

कुत्रीनं शशिकलाबाईंकडं पाहिलं. त्या ओसरीच्या खांबाकडं बघत होत्या. खांबावर मुंग्यांची रांग चढत होती, ती त्या बघत होत्या, आणि मानेवरचा हात त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. पुन्हा हाक आली. कुत्री उंबऱ्यापाशी गेली, थांबली, लंगडा पाय उचलून धरला आणि मग आत उतरली. आत वाडगा फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. शोभनाबाई हसल्या. सासऱ्यांच्या नंतर घरात तो आवाज शालिनी पहिल्यांदा ऐकत असावी. तिनं तोंडावर हात ठेवला.

“कुणाचं हो नाव हे?” शोभनाबाईंनी आतून विचारलं.

“होती एक,” शशिकलाबाई म्हणाल्या. “आमच्या घरात. लहानपणी.”

“गोड आहे. राहू द्या हेच.”

“राहू द्या.”

शालिनी म्हणाली, “ताई, चहा तरी. निदान पाणी.”

“मुलीच्या घरचं घेत नाही गं.” त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. ताट आतच राहिलं होतं. त्यांनी मागितलं नाही. फाटकाशी पलक स्कूटर वळवत होती, तिला म्हणाल्या, “तू ये मागून. मी जरा चालते.”

“आत्या, गुडघा...”

“ये मागून.”

गव्हामधून जाणाऱ्या रस्त्यावर त्या चालू लागल्या. थोड्या पुढं गेल्या असतील, तेवढ्यात मागून, घराच्या आतून, म्हातारीची मोकळ्या गळ्याची हाक आली, “ठकू! ए ठकू, इकडं ये बाळा!”

शशिकलाबाई थांबल्या. खेळता खेळता घरून हाक आलेल्या पोरीसारखी त्यांची मान अर्धी वळली. ओठ ‘ओ’ म्हणायला उघडले असतील, नसतील. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या पुढं निघाल्या, सावकाश, एक गुडघा सांभाळत.

कुत्री आत जेवत होती. शालिनी सासूपाशी गेली होती. ओसरीवर कुणी नव्हतं. त्या दूर जाणाऱ्या पाठीकडं बघत होती ती एकटी पलक, किल्ली फिरवायची विसरून, स्कूटरला टेकून.