दातातल्या मसाल्यावरचा आळ

माझी धाकटी जाऊ दातांच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत होती. काय काम करतेस म्हणून कुणी विचारलं की सांगायची, "पेशी पाळते." ऐकणाऱ्याला वाटायचं, मासे पाळतात तसं काहीतरी असेल. फार चुकीचंही नव्हतं ते.

दाताची कीड मुळापर्यंत गेली की डॉक्टर आतली नस काढतात, पोकळी धुतात आणि तिच्यात मसाला भरतात. मुळाच्या टोकाशी तो मसाला आपल्या मांसाला टेकतो. लगेच रक्तातल्या राखणदार पेशी बघायला येतात, कोण आलंय म्हणून. पटलं तर गप्प बसतात. नाही पटलं तर चिडतात, मग सूज आणि ठणका. ही परीक्षा माणसाच्या तोंडात घेण्याआधी बशीत घ्यायची, ते जाऊचं काम. मसाला स्टीलच्या साच्यात दाबायचा, घट्ट झाला की शर्टाच्या बटणाएवढी चकती निघते. ती पेशींच्या बशीत सोडायची आणि बशी उबदार कपाटात ठेवायची. चिडलेल्या पेशी भोवतीच्या पाण्यात काहीतरी सोडतात, ते यंत्र मोजतं. बावीस वर्षं तिने हेच केलं. घरी आमटीत मीठ दोनदा पडायचं, पण बशीत थेंब कधी जास्त पडला नाही.

तिथे एक डॉक्टरबाई होत्या. सहा वर्षं खपून त्यांनी नवा मसाला तयार केला होता. त्याची परीक्षा झाली आणि पेशी भयंकर चिडल्या. शेजारच्या बशीत नुसत्या पेशी होत्या, त्या मात्र शांत. मोठे सर म्हणाले, "सोडा आता हा नाद. शुक्रवारी तसं लिहून पाठवतो." डॉक्टरबाई चष्मा पुसत बसल्या. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली.

"सर, थांबा जरा," जाऊ म्हणाली.

"का? यंत्र खोटं बोलतंय?"

"यंत्र खरंच बोलतंय. पण तुलनेसाठी सोबत ठेवलेल्या जुन्या मसाल्याचे हे आकडे बघा. अकरा वर्षं तो मसाला माझ्या हाताखालून जातोय, त्याच्यावर पेशी इतक्या कधी चिडल्या नव्हत्या. दोघांवर एकदम कशा चिडतील?"

"मग कशावर चिडल्या?"

"ते परवा सांगते."

काचेवर पेशी रागावत नाहीत. तिने काचेचे तुकडे घेतले. अर्धे साच्यात ठेवून मग बशीत सोडले, अर्धे थेट सोडले. थेट सोडलेल्यांपाशी सगळं शांत. साच्यातून आलेल्यांपाशी थयथयाट. म्हणजे खोट साच्यात होती, आणि साचे धुवायची जाऊ स्वतः.

संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "ताई, घाण मीच केली."

शुद्ध पाण्याचं यंत्र तीन आठवडे बंद होतं. हिने दुसरीकडून पाणी आणून डब्यात भरून ठेवलं आणि आठ-आठ दिवस त्याच पाण्यात साचे खळबळले. साठवलेल्या पाण्यात जंतू वाढले.

"पण नंतर वाफेत घालतेस ना? जंतू मरतात की."

"मरतात. पण त्यांची टरफलं उरतात, ती वाफेला दाद देत नाहीत. पेशींना काय, चोर मेला तरी त्याची चप्पल दारात दिसली की आरडाओरडा!"

"मग गुपचूप साचे साफ कर आणि पुन्हा मोज. कुणाला कळतंय?"

"आणि आधी असं का आलं म्हणून सरांनी विचारलं तर? डॉक्टरबाईंच्या माथी मारू?"

"बावीस वर्षांत तुझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही गं."

"म्हणूनच तर ऐकतील माझं."

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगितलं. सर बघतच राहिले. "तुमच्याकडून?"

"हो, माझ्याकडून. एकट्या पेशींच्या बशीला माझा साचा लागलाच नव्हता, म्हणून ती शांत. साचे कोरड्या भट्टीत भाजायला लावलेत, वाफेच्या दुप्पट आचेवर, म्हणजे टरफलंही जळतील. आठवडाभर थांबा. तरी चिडल्या, तर तुमचं पत्र मीच टपालात टाकते."

शुक्रवार आला आणि गेला, पत्र खणातच राहिलं. नव्या चकत्या बशीत गेल्या. पहिल्या दिवशी पेशी जराशा कुरकुरल्या. ताज्या मसाल्यावर कुरकुरतातच. तिसऱ्या दिवशी त्या एकट्या पेशींइतक्याच शांत होत्या. डॉक्टरबाईंनी आकडे तीनदा वाचले आणि मग खुर्ची शोधली.

सरांनी मसाला पुढच्या परीक्षेला पाठवायचं पत्र लिहायला घेतलं. पहिले आकडे गाळणार होते.

"ते पण लिहा, सर," जाऊ म्हणाली. "साचे कसे बिघडले तेही लिहा. दुसरीकडे कुणाचा मसाला असा फुकट जायला नको."

सरांनी लिहिलं. डॉक्टरबाई उत्साहाने उठल्या आणि पुढच्या परीक्षेसाठी साचे धुवायला निघाल्या. जाऊने त्यांच्या हातातून ते काढून घेतले.

"साचे मी धुणार."

"परत तुम्हीच?" कुणीतरी हसलं.

"परत मीच. ती चूक आता माझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे?"