बर्व्याचे स्नो टायर

फुशारकी मारणारा एक माणूस ग्रुपमध्ये असला, की किस्से शोधावे लागत नाहीत. आमचा सिंगापूरच्या मरीन परेड भागातला मराठी ग्रुप दर शनिवारी नाश्त्याला जमायचा आणि बर्वे दर शनिवारी ताजा माल पुरवायचा. चार वर्षं जर्मनीत काढून तो सिंगापूरला बदलून आला होता.

येताना सामानात चार स्नो टायर!

"बर्वे, इथे बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो. हे कशाला?"

"महागाचे आहेत रे. टाकवत नाहीत."

वर्षभरात त्याने इथे जर्मनीतल्या गाडीच्याच मॉडेलची स्पोर्ट्‌स कार घेतली. त्या पैशात पुण्यात दोन फ्लॅट आले असते! कारण काय, तर टायर वाया जायला नकोत.

*

गॅरेजवाल्या चिनी अंकलने टायरभोवती एक फेरी मारली. "बॉस, हियर नो विंटर लाह." सिंगापुरी इंग्रजीत वाक्याला शेवटी 'लाह' लागतोच.

"पावसात ग्रिप मिळते," बर्वे म्हणाला.

अंकलने टायर बसवले. त्याआधी फोन काढून त्यांचा फोटो घेतला.

*

तापलेल्या रस्त्यावर ते मऊ रबर खोडरबरासारखं झिजायला लागलं. ते वाचवायला साहेब एक्सप्रेसवेवर साठने जायचे. एकदा मासळीची व्हॅन आम्हाला मागे टाकून गेली.

"लोकांना रोड सेन्स नाही!" बर्वे म्हणाला.

*

"बर्फात ब्रेक दाबायचा नाही. गाडीशी बोलायचं असतं," हे लेक्चर आम्हाला पाठ होतं. एकदा त्याची मुलगी ऋचा नूडल्समधून मान वर न करता म्हणाली, "पपा, इट्स थर्टी-टू डिग्रीज लाह."

*

मग डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं जपानला, होक्काइदोला गेलो. व्हॅन भाड्याने घेतली. ड्रायव्हर अर्थातच बर्वे. माझी आई सोबत होती, वय ऐंशी. पांढरा रस्ता बघून ती घाबरली. "टॅक्सी करा रे बाबांनो."

"काकू, चार हिवाळे काढलेत मी!"

पार्किंगमधून बाहेर पडताच उतारावर व्हॅन आडवी घसरली आणि बर्फाच्या ढिगाला टेकून थांबली. आईने माझा हात घट्ट धरला. बर्व्याने स्टिअरिंग. गाडीशी तो एक शब्द बोलला नाही.

मागून मनीषा वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "उतरा."

तो उतरला. वहिनींनी सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. "काकू, पट्टा लावलात ना?" हॉटेल येईपर्यंत एक धक्का बसला नाही.

उतरताना आईने विचारलं, "कुठे शिकलीस गं?"

"जर्मनीत. हिवाळ्यात हे ट्रेनने जायचे."