वजनकाट्याची कळ

रविवारी सकाळी मी आईच्या वजनकाट्याला वीस रुपयांची कळ बसवली. टॉर्च धरून बायको उभी होती. आईचं हृदय अशक्त आहे, अंगात पाणी साठतं. दोन दिवसांत वजन दीड किलोने वाढलं तर फोन करा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आणि सेल संपून काटा महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडला होता.

“सेल उन्हात ठेव, उठतील,” आई म्हणाली.

आकडा मावळला तरी काटा आतून थोडी वीज खातच राहतो, कोणी पाय ठेवतंय का याची वाट पाहत. ही वीज तोडायला सेलच्या तारेत कळ जोडताना मला काट्याची कीव आली. दिवा मालवून मीही असाच पडतो, कान आईच्या खोकल्याकडे. अशा झोपेने शीण जात नाही.

कळ दाबली. आई भिंतीला धरून काट्यावर चढली.

“आई, भिंत सोडा. निम्मं वजन भिंतीला देताय,” बायको हसली.

“रोज धरतेच की. पडले म्हणजे?”

तिने भिंत सोडली. आकडा कालच्यापेक्षा दोन किलोंनी जास्त आला. हे पाणी की भिंत, ते सांगता येईना; रोजचं वजन लिहायच्या वहीतल्या सगळ्या नोंदी भिंत धरूनच घेतलेल्या. सूज असली की दाबल्यावर खड्डा पडतो, म्हणून मी तिच्या पायांशी बसलो.

“आज पाया पडतोयस?”

मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खड्डा पडला नाही. मग दुसऱ्या घोट्यावरही दाबून पाहिलं, तिथेही नाही, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो.