मदत आली, दारं लावा

परोपकारापासून गरीब माणसाचं रक्षण करायला दरबारनं शिपाई नेमावेत, अशी मागणी साऱ्या हिंदुस्थानात फक्त आमच्या पेठेत झाली असेल, आणि ती झाली आमच्या बोर्डिंगच्या मास्तरांमुळे. महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी बोर्डिंगं निघाली, त्यांतल्याच एकात मी शिकायला होतो आणि मास्तर तिथले सुपरिंटेंडंट होते. मूळचे कोकणातले, एकटा जीव. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काळी टोपी, बगलेत छत्री. जगातला प्रत्येक माणूस अडचणीत आहे आणि केवळ भिडेपोटी तो बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"विद्या डोक्यातच राहिली की आंबते, ती हातांत उतरली पाहिजे," असं ते म्हणत. ती उतरवण्यासाठी त्यांनी गुरुवारची सकाळ राखून ठेवली होती. गुरुवारी पुस्तकं बंद. रांगेनं पेठेत निघायचं, अडलेला माणूस दिसला की त्याच्यावर तुटून पडायचं, आणि परतल्यावर "आज काय शिकलास?" याचं उत्तर दिल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. सेवा चालू असताना मौन पाळायचं, कारण तोंड सुरू झालं की हात थांबतात. आणि ज्याला मदत करायची त्याला विचारण्याची पद्धत तर नव्हतीच. "घराला आग लागली तर मालकाची परवानगी घेऊन विझवता का?" असं मास्तर विचारत. आग मात्र कुठेच लागलेली नसे.

एकदा रंकाळ्यावर गवळी म्हशी धूत होते. त्यांना जरा उसंत मिळावी म्हणून आम्ही म्हशी धुतल्या आणि हाती लागेल ती म्हैस दिसेल त्या गोठ्यात नेऊन बांधली. संध्याकाळी गवळी गल्लीत जो गोंधळ उडाला तो माणसांना आवरेना. शेवटी सगळ्या म्हशी सोडून दिल्या, तेव्हा त्या आपापल्या घरी गेल्या. "आज काय शिकलास?" या प्रश्नाला कागलच्या एका पोरानं "म्हशीला घर कळतंय, मास्तर," असं उत्तर दिलं आणि मास्तरांनी त्याला जास्तीची भाकरी वाढायला सांगितली. पुढच्या गुरुवारी आभाळ भरून आलं म्हणून एका बाईंचे ओले पापड आम्ही धावत जाऊन गोळा केले. पाऊस काही आला नाही, पण बाईंना एकच पापड मिळाला, तोही उशीएवढा. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी काळी टोपी दिसली की बायका एकमेकींना हाळी द्यायच्या, "मदत आली गं, दारं लावा." मास्तरांना वाटे, लोक संकोची आहेत.

हे सगळं पेठेनं हसून सोसलं. तालमीचं मात्र सोसलं नाही. त्या गुरुवारी पैलवान मंडळी आदल्या दिवसापासून कुस्त्यांच्या मैदानासाठी पेठ वडगावला गेली होती आणि तालीम उघडीच होती. कोनाड्यात मारुती, शेजारी पिराचे पंजे, आणि मधोमध कुस्तीच्या हौद्यात तांबडी माती. ताक, तेल, हळद, लिंबू घालून वर्षानुवर्षं मुरवलेली ती माती मास्तरांनी चिमटीत घेऊन हुंगली. जन्मात त्यांनी तालमीत पाऊल टाकलं नव्हतं. "अरेरे, बिचारे या घाणीत लोळतात," असं म्हणून त्यांनी फावडी वाटली.

आम्हा पोरांना सगळं कळत होतं, पण मौन होतं. कागलच्या पोराला राहवेना म्हणून त्यानं माती दाखवून शड्डू ठोकला, दंड थोपटले, हात जोडले. मास्तरांना तो उत्साह वाटला आणि त्यांनी त्याला मोठं घमेलं दिलं. आम्ही सगळी माती उपसून समोरच्या रस्त्यातले खड्डे बुजवले, हौदा पाण्यानं स्वच्छ धुतला आणि वर चुना भुरभुरला. तेवढ्यात तालमीचे वस्ताद आणि पैलवान परत आले. आम्ही पळालो. मास्तर पळाले नाहीत. छत्री टेकून ते वस्तादांपुढे उभे राहिले आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "चूक माझी आहे. आता काय करावं लागेल ते सांगा." मास्तरांनी दुसऱ्याला काही विचारल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. वस्तादांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि ते म्हणाले, "तुडवा."

मग मास्तरांनी आम्हा पळालेल्या पोरांना परत बोलावून आणलं. नवी तांबडी माती आणायची, चाळायची, ताकातेलात भिजवून तुडवायची. मास्तर कोट आणि टोपीसकट, धोतर खोचून हौद्यात उतरले. ताकानं त्यांचा चष्मा माखला होता तरी ते थांबेनात. पैलवान कट्ट्यावर बसून हसत होते, आणि एकेक जण हसता हसता खाली उतरून आमच्याबरोबर तुडवायला लागला.

पण तक्रार बोर्डिंगच्या पंचांकडे पोचली होती. पंचांचे प्रमुख एक वकील होते. त्यांनी बजावलं, की या सेवेचा उपयोग झाला असं सांगणारा एक तरी माणूस पेठेतून आणा, नाहीतर गुरुवार कायमचा बंद. मास्तरांना बायको नव्हती, पोर नव्हतं, गणगोत दूर. गुरुवार गेला असता तर त्यांच्यापाशी नुसतं आठवड्याचं वेळापत्रक उरलं असतं. ते दारोदार फिरले. दारं लागली. बैठकीच्या दिवशी ते एकटेच येऊन बसले, कोटाची बटणं वरखाली लागलेली.

तेवढ्यात वस्ताद आले. वकिलांनी विचारलं, "या मुलांचा तुम्हाला काही उपयोग झाला?"

"उपेग?" वस्ताद म्हणाले. "काय बी न्हाई. नुसता इस्कोट."

"मग बंदच करू."

"बंद कशापायी, पावणं? घरात बसून कुणाचं काय बिघडत न्हाई, व्हय की न्हाई? बिघडवायला सुदिक दुसऱ्याच्या दारात जायाला लागतंय. बिघडवून पळणारी लई बघितली म्या. ह्यो बाबा पळाला न्हाई, आन् पळालेली पोरं त्येनं परत आणली. ती पोरं आता रोज सांजच्याला आमच्यात येत्यात. येऊ देत की."

गुरुवार वाचला. वकिलांनी एवढीच अट घातली की आधी विचारायचं, मग हात लावायचा. बाहेर पडल्यावर मास्तरांनी वस्तादांना हळूच गाठलं.

"खरंच काही उपयोग झाला नाही?"

"न्हाई."

"मग पुढच्या गुरुवारी येऊ का?"

"या की," वस्ताद म्हणाले.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. ते पुसायला कागलचं पोर न विचारता पुढे झालं आणि त्यानं चष्मा पाडला.

मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझं घर स्वस्थ आहे, शेजारपाजारही आपापल्या दाराआड स्वस्थ आहे, आणि कुणाचं कुणापाशी काही अडत नाही. गुरुवारची सकाळ झाली की मात्र मला फार वाटतं, की उठावं, कुणाच्या तरी दारात जावं आणि काहीतरी बिघडवून यावं. मास्तर बरोबर नाहीत, त्यामुळे धीर होत नाही.