वर्धा ब्युरोतले व्हायरस आणि एक अटक

ऑनलाइन फसवणुकीची एक बातमी छापून होईपर्यंत दुसरी आमच्या ब्युरोच्या दारात उभी असते. बातम्या रद्दीत जातात, आपल्याच माणसांचे किस्से मात्र चहाच्या टपरीवर साठत राहतात. फसलेल्या माणसाला हसणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे. हसायचंच असेल तर आम्हाला हसा. आम्ही वाचलो!

*

तळेगावचे आमचे वार्ताहर देवरावजी भाजीपाला पिकवतात आणि बातम्या देतात. फोटो पेन ड्राइव्हमध्ये भरून एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचे, ही त्यांची पद्धत. एकदा तो पेन ड्राइव्ह लावला आणि ऑपरेटर विलासच्या कॉम्प्युटरवरचे सगळे फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट! विलासने फर्मान काढलं, यात व्हायरस आहे, हा पेन ड्राइव्ह पुन्हा इथे दिसता कामा नये.

दुसऱ्या दिवशी देवरावजी नवाकोरा पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः हजर. विलासने विश्वासाने लावला. पुन्हा तेच!

"नवा आणला ना," देवरावजी म्हणाले. "जुन्यातलं सगळंच्या सगळं त्यात टाकलं. काहीच सोडलं नाई."

*

विलास यावर आठवडाभर हसला. मग एका दुपारी त्याच्याच स्क्रीनवर लाल पाटी आली, सायरन वाजू लागला. कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर ताबडतोब फोन करा! त्याने फोन उचललासुद्धा. मी ओरडलो, आधी वायर उपट.

त्याने उपटली. मॉनिटरची. स्क्रीन काळी, सायरन चालूच.

ती नुसती एका वेबसाइटची खिडकी होती. बंद केली, कॉम्प्युटर ठणठणीत.

*

ओटीपी कुणाला सांगू नका, अशी चौकट मी दर आठवड्याला पोटतिडकीने लिहितो. एकदा तिच्या बरोबर खाली जाहिरात छापून आली, 'घरबसल्या लाइक करा, कमवा!' मी जाहिरात विभागाच्या सुधीरला फैलावर घेतलं.

तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, वरचं तुमचं, खालचं माझं."

*

याच सुधीरच्या मोबाइलवर लग्नपत्रिका आली. लग्न म्हणजे जाहिरात, म्हणून त्याने लगेच उघडली. ती पत्रिका नव्हतीच, ॲप होतं. त्याच्या नावाने ते सगळ्या नातेवाइकांना गेलं. सासऱ्यांचा फोन आला, "काऊन जावईबापू, दुसरं लग्न करून राह्यले का?"

खातं रिकामं करायला चोर आत शिरले, पण आमचा पगार नेहमीप्रमाणे लांबला होता. मालकांच्या दिरंगाईचे आभार मी आयुष्यात तेवढे एकदाच मानले.

*

आणि आता देवरावजी. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी त्यांनी कोबी विकून जमवली होती. मुदत संपायला एकच दिवस उरला होता. सकाळी अनोळखी नंबरवरून त्यांचा फोन.

"भाऊ, मले अटक झाली. कोणी ओळखीचे ठाणेदार असतीन तर पाहा."

"कुठल्या ठाण्यात आहात?"

"वावरात. भेंडीले पाणी देऊन राह्यलो. शेजाऱ्याचा फोन हाये."

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला साहेब आला होता. तुमच्या नावाचं बेकायदा पार्सल सापडलंय, तुम्हाला अटक, कॉल तोडायचा नाही, खोली सोडायची नाही, सगळे पैसे तपासणीसाठी पाठवा! देवरावजी पैसे पाठवणारच होते, तेवढ्यात लाईन, म्हणजे वावरातल्या मोटरची वीज, आली.

"अटक झालीय, तर वावरात कसे?"

"साहेबाले सांगून आलो ना. लाईन आली, मोटर लावून येतो म्हणलं. तुम्ही बसा."

फोनवरून कुणालाही अटक होत नसते, हे मी त्यांना ओरडून सांगितलं. घरी जाऊ नका, मुलीला पासबुक घेऊन थेट बँकेत बोलवा, आधी फी भरा. ती भरल्याचा फोन आला तेव्हा कुठे मी खुर्चीत बसलो.

देवरावजी घरी परतले. मोबाइल चार्जरवर तसाच, कॉल चालू, साहेब घसा ताणून ओरडतोय. त्यांनी टोपी नीट केली आणि समोर बसले.

"साहेब, झालं पाणी देऊन. आता तुम्ही न्याले या. तळेगावले उतरले की फोन करजा, मी स्टँडवर येतो."